एसयूव्ही वाहनांच्या मागील एअर सस्पेन्शनमधील हवागळती : निदान व दुरुस्ती (मैंदर्गी परिसराच्या संदर्भात)

गोषवारा :
मोठ्या एसयूव्ही वाहनांच्या मागील चाकांवर पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या बसविण्याची पद्धत आता सर्वपरिचित झाली आहे. या पिशव्यांतून हवा गळू लागली की बहुधा प्रथम कॉम्प्रेसर बदलला जातो. मूळ गळती तशीच राहते आणि काही दिवसांनी नवा कॉम्प्रेसरही निकामी होतो. गळतीचा पुरावा इंजिन सुरू होताच पुसला जातो. म्हणून निदानाची सुरुवात इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या मोजमापाने व्हावी, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : एअर सस्पेन्शन, हवागळती, कॉम्प्रेसर, वायूचे नियम, दोषनिदान.

प्रस्तावना :
मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव होय. अक्कलकोटहून दुधनीकडे जाणारा रस्ता या गावातून जातो. श्री स्वामी समर्थांचे अक्कलकोट आणि श्रीदत्तक्षेत्र गाणगापूर ही दोन्ही तीर्थक्षेत्रे याच टापूत असल्याने दूरच्या शहरांतून भाविकांची मोठी वाहने या भागात येतात. सात आसने भरलेली, सामानाने लादलेली अशी ही वाहने दिवसभर प्रवास करून रात्री मुक्कामी थांबतात. सकाळी मालक पाहतो तो गाडीची मागील एक बाजू खाली बसलेली. इंजिन सुरू करताच गाडी हळूहळू वर येते, मालक निश्चिंत होतो आणि प्रवास पुढे सुरू होतो. पुढील दुरवस्थेचे मूळ बहुधा याच निश्चिंततेत असते.

अधिकृत सेवा केंद्र लहान गावात नसते. दुरुस्तीचा भार स्थानिक गॅरेजवर येतो. तेथील कारागीर ट्रक व बसच्या हवेच्या यंत्रणेशी परिचित असतो. परंतु संगणकीय नियंत्रण असलेली एसयूव्हीची यंत्रणा त्याच्या हाती क्वचित येते. चुकीच्या निदानाचा भुर्दंड मालकाला बसतो, तर असुरक्षित पद्धतीने काम केल्यास कारागिराच्या जिवावर बेतते. त्यामुळे हा विषय केवळ चैनीच्या वाहनांपुरता मर्यादित राहत नाही.

उद्दिष्टे :
१) मागील एअर सस्पेन्शनची रचना व कार्यतत्त्व स्पष्ट करणे.
२) तापमानामुळे होणारी उंचीतील घट व प्रत्यक्ष गळती यांतील भेद दाखविणे.
३) निदान व दुरुस्तीचा सुरक्षित क्रम मांडणे.

पूर्वपीठिका :
वाहनासाठी हवेची स्प्रिंग ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे. १९५७ साली कॅडिलॅक कंपनीने आपल्या एल्डोराडो ब्रॉहॅम या मोटारीत एअर सस्पेन्शन दिले. पण गळतीला कंटाळून तिच्या अनेक मालकांनी पुढे पोलादी स्प्रिंग बसवून घेतल्या. १९९२ साली रेंज रोव्हर या वाहनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे एअर सस्पेन्शन आले. बीएमडब्ल्यू एक्स-५ आणि टोयोटा लँड क्रूझर प्राडो यांच्या काही आवृत्त्यांत केवळ मागील चाकांवर हवेच्या पिशव्या आढळतात. महाराष्ट्रातील सामान्य प्रवाशाला या तंत्राचा अनुभव राज्य परिवहन महामंडळाच्या 'शिवनेरी' व्होल्व्हो बसमधून मिळालेला आहे.

रचना व कार्यतत्त्व :
या यंत्रणेत दोन मागील चाकांसाठी दोन रबरी पिशव्या असतात. गॅरेजच्या बोलीत त्यांना 'बलून' किंवा 'बेलो' म्हणतात. विजेवर चालणारा लहान कॉम्प्रेसर, हवेतील बाष्प शोषणारा ड्रायर, हवेची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, नायलॉनच्या बारीक नळ्या, उंची मोजणारे सेन्सर आणि नियंत्रक हे तिचे अन्य घटक होत. मागे वजन वाढले की सेन्सर उंचीतील घट टिपतो, नियंत्रक कॉम्प्रेसर सुरू करतो आणि गाडी पूर्ववत समतल होते.

येथे एक मूलभूत बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. पिशवीतील दाब कॉम्प्रेसर ठरवीत नाही. तो पिशवीवरील भार ठरवितो. एका पिशवीवर ४५० कि.ग्रॅ. भार असून तिचा परिणामी व्यास १२ सें.मी. आहे असे मानल्यास क्षेत्रफळ सुमारे ११३ चौ.सें.मी. येते आणि दाब प्रति चौ.सें.मी. सुमारे ४ कि.ग्रॅ. इतका होतो. भार ६०० कि.ग्रॅ. झाला की हाच दाब सुमारे ५.३ होतो. हवा गळाली तरी भार तोच असल्याने दाब जवळपास तोच राहतो. कमी होते ती हवेच्या स्तंभाची उंची. त्यामुळे गळतीचे मोजमाप दाबमापकापेक्षा साध्या मोजपट्टीने अधिक खात्रीचे होते.

दोष लपतो कसा :
वरील उदाहरणातील हवेच्या स्तंभाची उंची २० सें.मी. धरल्यास त्याचे आकारमान सुमारे २.२६ लिटर होते. आतील एकूण दाब वातावरणाच्या सुमारे ५ पट असल्याने त्यात वातावरणीय दाबाची सुमारे ११.३ लिटर हवा सामावलेली असते. रात्रीच्या १० तासांत यातील २ लिटर हवा निघून गेली तर स्तंभ सुमारे ३.५ सें.मी.ने खाली बसतो. एवढी घट डोळ्यांना सहज दिसते. पण गळतीचा वेग मात्र मिनिटाला सुमारे ३.३ मिलिलिटर इतकाच असतो. असा सूक्ष्म प्रवाह कानाला ऐकू येत नाही. 'फुस्स आवाज येत नाही, म्हणजे गळती नाही' हा समज म्हणूनच फसवा ठरतो.

इंजिन सुरू होताच कॉम्प्रेसर ही तूट अल्पावधीत भरून काढतो. यंत्रणा स्वतःला दुरुस्त करते आणि त्याच क्रियेत आपल्या दोषाचा पुरावाही पुसते. भेग वाढत जाते तसा कॉम्प्रेसर अधिक वेळा व अधिक काळ चालतो, तापतो आणि त्याचे पिस्टनचे सील झिजते. ड्रायरमधील शोषक द्रव्य ओलाव्याने संपृक्त होते, रिलेचे संपर्कबिंदू जळतात. अखेरीस कॉम्प्रेसर बंद पडतो आणि गाडी बसलेलीच राहते. अशा वेळी कॉम्प्रेसर हा दोषी दिसतो. वास्तविक तो गळतीचा बळी असतो.

तापमानाचा परिणाम :
सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. दाब स्थिर असताना वायूचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते. दुपारच्या ४२ अंशांवरून पहाटे २७ अंशांवर हवा थंड झाली, तर निरपेक्ष तापमान ३१५ वरून ३०० केल्विन होते. ही घट सुमारे ४.८ टक्के, म्हणजे २० सें.मी. स्तंभामागे जवळजवळ १ सें.मी. इतकी असते. निर्दोष गाडीही सकाळी किंचित खाली आढळते, ती यामुळे. मात्र ही घट दोन्ही बाजूंना समान असते आणि ऊन चढल्यावर गाडी सुरू न करताही भरून निघते. गळतीमुळे आलेली घट भरून निघत नाही. ती वाढत जाते.

निदानाची पद्धती :
१) सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरील कमानीच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. गाडी बंद केल्यावर लगेच, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता व दुपारी २ वाजता अशी तीन मोजमापे इंजिन सुरू न करता नोंदवावीत. काही वाहनांत नियंत्रक गाडी बंद असतानाही अधूनमधून उंची जुळवितो व त्यामुळे खरी गळकी बाजू झाकली जाते. अशा वाहनात मोजमापाच्या काळात सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा.

२) एकच बाजू खाली बसत असल्यास त्या बाजूची पिशवी, नळी, जोड किंवा त्या बाजूची झडप यांवर संशय घ्यावा. दोन्ही बाजू सारख्या बसत असल्यास व ते तापमानाने स्पष्ट होत नसल्यास व्हॉल्व्ह ब्लॉक, निकास झडप यांसारखे सामाईक घटक तपासावेत. दोन्ही पिशव्या एकाच वयाच्या असल्याने त्या एकत्र जीर्ण झाल्याची शक्यताही वगळू नये. उंची चुकीची आहे पण काळानुसार घटत नाही, असे आढळल्यास दोष बहुधा सेन्सरचा अथवा त्याच्या दांडीचा असतो.

३) साबणाचे पाणी ब्रशने लावून पिशवीची खालची घडी, वरचा जोड, नळीची दोन्ही टोके व व्हॉल्व्ह ब्लॉक क्रमाने पाहावेत. पंक्चर काढणारा कारागीर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तेच हे तत्त्व. मिनिटाला ३ मिलिलिटरची गळती असल्यास बुडबुडा सावकाश फुगतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबावे. पिशवीच्या घडीतील भेग काही वेळा विशिष्ट उंचीवरच उघडते. यास्तव परीक्षण एकाहून अधिक उंचीवर करावे.

४) बुडबुडे न सापडल्यास निदान यंत्राच्या साहाय्याने हवा सोडून, रचना परवानगी देत असल्यास, व्हॉल्व्ह ब्लॉकवरील डावी व उजवी नळी अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या बाजूला सरकला तर तो झडपेत आहे. त्याच बाजूला राहिला तर नळीत किंवा पिशवीत आहे.

५) कॉम्प्रेसर, ड्रायर व रिले यांची तपासणी सर्वांत शेवटी करावी.

सुरक्षितता :
गाडीखाली काम करणाऱ्याच्या अंगावरील काही शे किलोंचा भार केवळ हवेने तोललेला असतो. झडप उघडली किंवा जोड निसटला तर ती क्षणार्धात खाली येते. काही वाहनांत दार उघडल्यानेही नियंत्रक जागा होतो. म्हणून चाकांना अडण लावून, सस्पेन्शनची यंत्रणा बंद करून, गाडीची चासी मजबूत घोडीवर टेकविल्याखेरीज कोणीही खाली जाऊ नये. केवळ जॅकच्या आधारावर काम करणे हे प्राणघातक ठरू शकते. नळी सोडण्यापूर्वी दाब पूर्णपणे उतरवावा.

दुरुस्ती :
जोडातील गळती सर्वांत स्वस्तात बरी होते. नळीचे खराब टोक धारदार पात्याने काटकोनात कापून नवा जोड किंवा नवी ओ-रिंग बसवावी. तिरकस कापलेले टोक पुन्हा गळते.

पिशवीला भेग गेली असल्यास ती बदलणे हाच उपाय होय. टायरच्या ट्यूबप्रमाणे तिला ठिगळ लावणे अयोग्य आहे. कारण तिची घडी प्रत्येक धक्क्यासरशी उलगडते व दुमडते आणि तेथे ठिगळ टिकत नाही. शिवाय आतील धाग्यांचे थर तुटले असल्यास पिशवी फुटण्याचा धोका राहतो. एका पिशवीला वयोमानाने भेगा पडल्या असतील तर दुसरीही बदलणे हितावह असते.

नवी पिशवी बसविताना गाडी घोडीवर असतानाच तिच्यात थोडी हवा भरावी व घडी नीट बसल्याची खात्री करून मगच भार हळूहळू सोडावा. रिकाम्या पिशवीवर भार आल्यास घडी चिरडते व नवा भाग पहिल्याच दिवशी निकामी होतो. कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ आलीच, तर रिले व ड्रायरही बदलावेत. शेवटी निदान यंत्राने उंचीची नोंद पुन्हा करून घ्यावी व तीन मोजमापांची चाचणी पुन्हा घ्यावी. ही चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

मैंदर्गीसारख्या भागातील धूळ व काळ्या मातीचा चिखल पिशवीच्या घडीत साचून रबर घासतो. गाडी धुताना ही घडी साध्या पाण्याने स्वच्छ करण्याने पिशवीचे आयुष्य वाढण्यास मदत होते.

पोलादी स्प्रिंगचा पर्याय :
वारंवारच्या खर्चामुळे काही मालक पोलादी स्प्रिंग बसवून घेतात. गळतीचा प्रश्न त्यामुळे संपतो. परंतु वजनानुसार समतल राहण्याचा गुण जातो, भार वाढताच मागील बाजू दबते, दिव्यांचा झोत वर जातो आणि नियंत्रक सतत इशारे देत राहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. त्यामुळे असा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात खातरजमा करणे उचित ठरते.

अध्यापनातील उपयोग :
वायूचे नियम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बहुधा काचेच्या नळीतील प्रयोगातून शिकविले जातात. मोजपट्टी व तापमापक घेऊन उभ्या गाडीवर केलेली वरील तीन मोजमापे तेच नियम प्रत्यक्ष व्यवहारात दाखवितात. स्वयंनियंत्रित यंत्रणा आपला दोष कसा झाकते, ही बाबही त्यातून उलगडते. उंची नियंत्रकाने गळती झाकावी तसेच उत्तम चालणारे व्होल्टेज स्टॅबिलायझर सदोष वीजपुरवठा झाकत असते. स्थानिक कारागिरांना सोबत घेऊन असे प्रात्यक्षिक आयोजित केल्यास ज्ञानाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होईल.

निष्कर्ष :
१) गळतीचा खरा पुरावा इंजिन सुरू करण्यापूर्वीच मिळतो; मोजपट्टी हे निदानाचे पहिले साधन होय.
२) दोन्ही बाजूंना समान असणारी व दुपारी भरून निघणारी घट ही तापमानाची असते, गळतीची नव्हे.
३) कॉम्प्रेसरचा बिघाड हा बहुधा परिणाम असतो, गळती न शोधता तो बदलणे म्हणजे खर्चाची पुनरावृत्ती होय.
४) हवेच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मजबूत घोडीचा खर्च हा कोणत्याही सुट्या भागापेक्षा आधी करावयाचा खर्च आहे.