तुरुंगावरील पहारेकऱ्याचें शरीरस्वास्थ्य

मोताळा हें बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मलकापुराहून बुलढाण्यास जाणारा रस्ता या गांवावरून जातो आणि पुढें राजूरचा घाट चढतो. पोलीस-भरतीचे दिवस जवळ आले म्हणजे अशा गांवांतून पहांटेच्या अंधारांत तरुण मुलगे व मुली धांवण्याचा सराव करितांना दिसतात. पावसावर भिस्त असलेल्या शेतीस सरकारी पगाराचा टेंकू मिळावा, ही त्यामागील आशा होय. या भरतींतच तुरुंगावरील शिपायांच्या जागाहि असतात. २०२४ सालच्या भरतींत त्या सुमारें १८०० होत्या.

या परीक्षेंत शरीराची कसोटी कडक असते. पुरुषांस १६०० मीटर व १०० मीटर धांवावें लागतें आणि ७.२६० किलो वजनाचा गोळा फेंकावा लागतो. स्त्रियांस ८०० व १०० मीटर धांव व ४ किलोचा गोळा असतो. शारीरिक परीक्षेचे गुण ५०. त्यांपैकीं निम्मे तरी मिळाल्यावांचून पुढील लेखी परीक्षेचें दार उघडत नाहीं. म्हणजे नोकरींत शिरतांना उमेदवाराचें शरीर उत्तम असतें. आमचा प्रश्न त्यापुढील तीस वर्षांचा आहे.

तुरुंगाशीं आमच्या वाचकांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. तुरुंग म्हटला म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून बंदिवानाची आठवण होते. लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेस होते; महात्मा गांधींनीं १९३२ सालीं येरवड्यास उपोषण केलें. गजांच्या आंतील माणसाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु गजांच्या बाहेर आणि तरीहि त्याच भिंतींच्या आंत ज्याचें सारें तारुण्य सरतें, त्या पहारेकऱ्याचा विचार क्वचितच होतो. तोहि कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी पति असतो. आणि पुष्कळ वेळां तो मोताळ्यासारख्याच एखाद्या गांवांतून आलेला असतो.

त्याच्या कामाचें स्वरूप पाहिलें म्हणजे शरीर कां बिघडतें तें सहज ध्यानांत येतें. तो दिवसभर उभा असतो, परंतु चालत नाहीं. चालतांना पोटऱ्यांचे स्नायु आंखडतात व सैल होतात, आणि त्या दाबानें पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकललें जातें. एका जागीं उभें राहिल्यास हा पंप बंद पडतो. रक्त खालीं सांचतें, पाय सुजतात, शिरा फुगतात, कंबर धरते. उभें राहणें म्हणजेच व्यायाम, ही समजूत म्हणून खोटी आहे. लंडन शहरांतील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची डॉक्टर मॉरिस यांनीं केलेली पाहणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षां बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांस हृदयविकार अधिक होतो, असें तींत दिसून आलें. शरीरास हालचाल हवी, हाच त्याचा अर्थ.

दुसरें कारण रात्रीचा पहारा. रात्र ही झोंपेची वेळ, हें आपल्या शरीरांतील घड्याळ जाणतें. मध्यरात्रीं खाल्लेलें अन्न तें नीट पचवीत नाहीं. दिवसा घेतलेली झोंप तुटक होते. चहा व तंबाखू यांवर जाग काढण्याची संवय लागते. पुढें वजन, रक्तदाब व मधुमेह हे तिघे सोबतीनेंच येतात. झोंपेची घडी मोडणारें रात्रपाळीचें काम कर्करोगासहि कारण होण्याचा संभव आहे, असें मत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ सालीं दिलें व २०१९ सालीं पुन्हां कायम केलें.

तिसरें कारण गर्दीचें. एका बराकींत मावतील त्याहून अधिक माणसें कोंडलीं म्हणजे क्षयासारखे श्वासावाटे पसरणारे रोग बंदी आणि पहारेकरी असा भेद करीत नाहींत. २०२० सालच्या करोनाच्या सांथींत मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांत बंद्यांप्रमाणेंच नोकरवर्गासहि लागण झाली. त्या दिवसांत कांहीं तुरुंगांचे दरवाजे बंद करून नोकरांस आंतच ठेवण्यांत आलें होतें.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. पहारेकऱ्याचें आरोग्य ही केवळ त्याच्या घरची बाब नव्हे. ज्याची झोंप झाली नाहीं त्याचा तोल लौकर जातो. अशा माणसाच्या हातीं शेंकडों बंदी सोंपविले असतां कठोर शब्द आणि उगारलेला हात यांना वेळ लागत नाहीं. उलट खरा प्रसंग आला तर वेळीं पाऊल उचलण्याची शक्ति नसते. निरोगी पहारेकरी हें बंद्याचेंहि संरक्षण आहे.

तेव्हां उपायाचा पहिला वांटा सरकारचा. २०१६ सालच्या आदर्श कारागृह नियमावलींत दर ६ बंद्यांमागें १ पहारेकरी असावा असें प्रमाण सांगितलें आहे. तें नियमावलींतच राहिलें, तर कमी माणसांवर अधिक तास पडणारच. पाळ्या ठराविक असाव्यात, आठवड्याची सुटी खरोखर मिळावी, वर्षांतून एकदां रक्तदाब, साखर व छाती यांची तपासणी व्हावी. महाराष्ट्रांत शरीर कसलेलें राखणाऱ्या पोलिसांसाठीं दरमहा २५० रुपयांचा भत्ता ठेवण्यांत आला होता. कल्पना चांगली, परंतु ज्याला व्यायामास वेळच नाहीं त्याला बक्षिसाचा काय उपयोग?

दुसरा वांटा पहारेकऱ्याचा स्वतःचा. त्यास फार साहित्य नको. आपल्या वऱ्हाडांत अमरावतीस १९१४ सालीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें व व्यायामाची आवड घरोघर पोंचविली. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. नमस्कारास सतरंजीएवढी जागा व पंधरा मिनिटें पुरतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास आठवड्यास निदान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे रोज बावीस मिनिटेंहि पुरीं होत नाहींत. पहाऱ्यावर असतां दर अर्ध्या तासानें टांचा उचलाव्या, दहा पावलें चालावें. चाळिशी उलटलेल्यानें मात्र डॉक्टरला विचारून आरंभ करावा.

तिसरा वांटा घरांतील स्त्रीवर्गाचा आहे, आणि तो लहान नव्हे. रात्रपाळीस जाणाऱ्यास पाळीपूर्वींच ज्वारीची भाकरी, डाळ व पालेभाजी असें सकस जेवण द्यावें. बरोबर तळलेलें न देतां फुटाणे, शेंगदाणे किंवा एखादें फळ द्यावें. तो सकाळीं परत आला म्हणजे खोलींत अंधार करावा, मुलांस शेजारीं खेळूं द्यावें, आणि दुपारपर्यंत पाहुण्यांस थोपवावें. घरची सून अगर मुलगी स्वतःच पहाऱ्यावर जात असेल, तर हीच काळजी तिची घ्यावी; घरीं येतांच चुलीपुढें उभें राहण्याची पाळी तिच्यावर आणूं नये.

मोताळ्याच्या रस्त्यावर जें शरीर कमावलें जातें, तें आईबापांचें दूध, भाकरी व कष्ट यांतून उभें राहिलेलें असतें. नोकरी मिळाली म्हणून तें खर्ची टाकण्याचा अधिकार सरकारास नाहीं आणि स्वतः त्या तरुणासहि नाहीं. भरतीच्या दिवशीं ज्या काळजीनें त्याची छाती मोजतात, त्याच काळजीनें ती दरवर्षीं मोजली जावी, एवढेंच आमचें मागणें आहे.