हस्तकला : प्रदर्शनात आणि शाळेत

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात सिरपूरच्या कांस्यमूर्ती ठेवलेल्या आहेत. महानदीकाठचे सिरपूर ही एकेकाळी दक्षिण कोसलाची राजधानी होती. तेथे १९३९ साली या बौद्ध मूर्तींचा साठा सापडला, आणि त्यांतली एक तारामूर्ती आज अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. ती पाहण्यासाठी जगभरचे रसिक येतात. परंतु मेणाच्या साहाय्याने धातू ओतण्याच्या ज्या रीतीने ही मूर्ती घडली, त्याच कुळातली रीत रायपूरच्या दक्षिणेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर कोंडागावात अद्याप चालू आहे, हे रायपुरातल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक असेल?

या रीतीला आपल्या शास्त्रग्रंथांत मधुच्छिष्टविधान असे नाव आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचे वर्णन आढळते. बस्तरचे घडवा कारागीर हा ग्रंथ वाचून शिकलेले नाहीत. त्यांचे काम असे चालते : शेतातल्या मातीत भाताचे तूस मिसळून मूर्तीचा गाभा घडवावयाचा. तो वाळला की त्यावर वारुळाच्या बारीक मातीचा हात द्यावयाचा, आणि वालाच्या पानांचा रस चोळून तो गुळगुळीत करावयाचा. मग राळ मिसळलेले मेण, आपल्याकडच्या शेवेच्या सोऱ्यासारख्या साधनातून दाबून, त्याचे दोरे काढावयाचे आणि ते एकाला एक लावून गाभ्यावर गुंडाळावयाचे. दागिने, डोळे, केस हे सारे मेणाच्या दोऱ्यांनीच उमटवावयाचे. यावर पुन्हा मातीची पुटे चढतात, भट्टीत मेण वितळून जाते, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत पितळेचा रस उतरतो. शेवटी साचा फोडावा लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते, दुसरी नाही.

या मूर्तींचे पूर्वीचे गिऱ्हाईक कोण? प्रामुख्याने गावचे देवस्थान. देवीच्या हातात काय हवे, हत्तीवर तिने कसे बसावे, हे मूर्ती नेणाऱ्याला कारागिराइतकेच माहीत असे. काही चुकले तर मूर्ती परत जाई. गिऱ्हाईक अक्षरशत्रू असले तरी परीक्षक होते, आणि या परीक्षकाच्या धाकानेच कलेचा कस टिकला. आजचे गिऱ्हाईक दिल्लीचे, मुंबईचे किंवा परदेशातले असते. ते सहृदय असते, पैसेही अधिक देते. परंतु बारीक दोऱ्याची आणि जाड दोऱ्याची मूर्ती त्याला बहुधा सारखीच दिसते. दहा दिवसांच्या कामाला आणि तीन दिवसांच्या कामाला एकच भाव मिळू लागला, तर शहाणा कारागीर तीन दिवसांचे काम करील. त्याला दोष देणे हा अन्याय होईल.

प्रदर्शनांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदी कारागिरीची वाहवा झाली. त्याच सुमारास विलायती गिरण्यांचे कापड आपल्या विणकराच्या हातचे काम काढून घेत होते. मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण नागपूर झाल्यावर तेथेही १८६५ साली मोठे प्रदर्शन भरले. अशा प्रदर्शनांत वस्तू असे; ती करणारा माणूस बहुधा नसे, आणि असला तरी नवलाचा नमुना म्हणून. १९८५ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ‘अदिती’ हे प्रदर्शन झाले. त्यात भारतातले कारागीर आणि लोककलावंत स्वतः दालनात बसून आपली कला दाखवीत होते. माझ्या मते हा फरक लहान नव्हे. वस्तू एकटी गेली तर तिची किंमत ठरते. माणूस बरोबर गेला तर त्याची ओळख होते.

आमच्या सरगुजा जिल्ह्यातल्या सोनाबाई रजवार यांचे उदाहरण घ्या. कित्येक वर्षे त्यांचे जग घराच्या चार भिंतींपुरतेच होते. मुलासाठी त्यांनी मातीची खेळणी केली, मग बांबूच्या जाळ्यांवर माती लिंपून पाखरे, माणसे आणि देव असे सारे घरच सजवून टाकले. भोपाळच्या भारत भवनासाठी लोककलेचा शोध घेत हिंडणाऱ्यांच्या दृष्टीस हे घर पडले, आणि पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ साली त्या निवर्तल्या. २००९ साली सॅन दिएगोच्या मिंगेई संग्रहालयात त्यांच्या कलेचे प्रदर्शन भरले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. त्यांच्याकडून शिकलेल्या माणसांनी भित्तिशिल्पाचे हे काम पुढे चालविले. परदेशातल्या गौरवाने मार्ग उघडला खरा, पण कला टिकली ती हाताशी हात लावून शिकविल्याने.

येथे शाळेचा प्रश्न येतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना आखली. हस्तोद्योग हा वेळापत्रकातला जादा तास नव्हे, त्याच्यातूनच गणित, विज्ञान आणि भूगोल शिकावयाचा, असा तिचा गाभा होता. ही योजना मागे पडली; मोठ्या घरच्या मुलांना पुस्तके आणि गरिबांच्या मुलांना टकळी, असा संशय पालकांना येऊ लागला, तो अगदी निराधार नव्हता. म्हणून आज हा विचार पुन्हा करावयाचा तर तो प्रथम शहरातल्या शाळांत व्हावयास हवा. घडव्याच्या मुलाला मेणाची ओळख घरीच होते. ती रायपूर, नागपूर, पुणे येथल्या मुलांना व्हावी. उद्याचे गिऱ्हाईक तेच आहेत. मेण वितळते पण माती का वितळत नाही, मेणाच्या वजनावरून पितळ किती लागेल हे कसे काढावे, एवढ्या दोन प्रश्नांत पदार्थविज्ञान आणि त्रैराशिक दोन्ही येतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या काळात मुलांनी सुतार, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे, अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु सरकारी कागद हाताळणाऱ्या माणसाला त्यातल्या अडचणीही दिसतात. दहा दिवस शाळेत आलेल्या कारागिराची भट्टी दहा दिवस थंड राहते; तो रोज कोणी भरून द्यावयाचा? ते मानधन सहलीच्या खर्चात दाखवून चालणार नाही. शिक्षकाच्या वेतनाशेजारी त्याची स्वतंत्र नोंद हवी. हजेरीपटाजवळच्या फळ्यावर शिक्षकांची नावे लिहिलेली असतात, त्यांत त्याचेही नाव असावे. आणि काळ निवडावयाचा तो भातकापणी उरकल्यानंतरचा, कारण शेती करणाऱ्या कारागिराला पावसाळ्यात आपले शेत सोडून येणे जमणार नाही.