मेणात जपलेल्या पेशींची ओळख

मानेतल्या गाठीचा पातळ काप नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवला, की लिम्फोसाइट पेशींची दाटी स्पष्ट दिसते. त्यांतली टी-पेशी कोणती आणि बी-पेशी कोणती, हे मात्र नुसत्या दिसण्यावरून सांगता येत नाही. दोघींचेही केंद्रक गोल, गडद आणि भोवती पेशीद्रव्य जेमतेम. लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइटच्या कर्करोगाच्या, रुग्णाचे औषध तर याच फरकावर ठरते.

इथे प्रतिपिंडे कामी येतात. टी-पेशीवर सीडी३ हे प्रथिन असते, बहुतेक बी-पेशींवर सीडी२०, तर मॅक्रोफेजमध्ये सीडी६८. प्रतिपिंड आपले नेमके प्रथिन शोधून त्याला चिकटते. मग विकराच्या मदतीने तेवढ्याच पेशी तपकिरी होतात, बाकीच्या निळसर राहतात.

हार्वर्डचे आल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडून दाखवले. ऱ्हुमॅटिक तापात हृदयात होणाऱ्या गाठींमध्ये जंतूंचा अंश सापडतो का, हे त्यांना शोधायचे होते. पुढे १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत दिली आणि हे तंत्र जगभर पोचले.

खरा अडसर होता ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा. ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते, म्हणून ऊती कुजत नाही. पण त्याच जखडण्यात प्रतिपिंडाने ओळखायची जागा झाकली जाते. १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी काप द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये तापवले. झाकलेल्या जागा मोकळ्या झाल्या! इतकी साधी युक्ती, पण तिच्यामुळे ऊती मेणात बसवून जपलेले, कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेले ब्लॉक पुन्हा तपासण्याजोगे झाले. आज अनेक प्रयोगशाळांत हे काम प्रेशर कुकरवर चालते.

अशाच जपलेल्या नमुन्यांवरून पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटाने २००६ मध्ये महत्त्वाची गोष्ट दाखवली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीच्या आत आणि कडेला टी-पेशी किती आहेत, यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज प्रचलित टप्प्यांपेक्षाही चांगला बांधता येत होता.

मात्र सुरुवातीलाच हयगय झाली, तर उत्तम प्रतिपिंडही फसते. आपल्याकडे बायोप्सीचा तुकडा अनेकदा नातेवाइकांच्याच हाती देऊन लॅबमध्ये पाठवतात. अशा वेळी तो सलाइनमध्ये नव्हे, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये आहे ना, हे विचारून घ्या आणि त्याच दिवशी पोचवा. निदानानंतर ब्लॉक मिळाला, तर तो रिपोर्टांबरोबर उन्हापासून दूर जपून ठेवा. पुढच्या तपासणीला तोच लागतो.