तान्हा पोळा आणि बेताचा पैसा

श्रावणी अमावस्येला पोळा होतो आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूस तान्हा पोळा भरतो. पुण्या-मुंबईकडील श्रोत्यांस या सणाची ओळख क्वचितच असते. वडीलधाऱ्यांनी आदल्या दिवशी खरे बैल सजवून तोरणाखाली न्यावेत आणि मुलांनी दुसऱ्या दिवशी चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढीत तेच सारे करावे, अशी ही साधी योजना आहे. नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसरे रघुजीराजे, ज्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी झाली, त्यांनी हा सण मुलांसाठी सुरू केला अशी तिकडील परंपरा सांगते.

सण लहानांचा असला, तरी त्याची काळजी थोरांना लागते. तो येतो तोच मुळी हात आखडलेल्या दिवसांत. झाडीपट्टीतील धानाची रोवणी नुकतीच आटोपलेली असते, मजुरी आणि खत यांत गाठचा पैसा गेलेला असतो आणि पीक हाती यावयास दिवाळीचा सुमार उजाडावयाचा असतो. चंद्रपूर-बल्लारपुरात कोळशाच्या खाणीवर, कागदाच्या गिरणीत किंवा कचेरीत काम करणाऱ्या पगारदाराची स्थिती निराळी नाही. शाळेचा खर्च नुकताच भागलेला असतो, पोळ्याचे पुरण झालेले असते, तीन दिवसांवर गणपती आणि त्यामागोमाग महालक्ष्म्या उभ्या असतात. अशा वेळी सहा वर्षांचा मुलगा बाजारातील गुडघाभर उंच, पॉलिश केलेल्या सागवानी नंदीपुढे उभा राहतो आणि हलत नाही. बापाने काय करावे?

अनेक बाप उधारी करतात. ती का करावी लागते, हे पाहण्यासारखे आहे. अलीकडे कित्येक ठिकाणी सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत उत्तम सजलेल्या बैलाला बक्षीस देण्याची चाल पडली आहे. त्यामुळे काही बैल इतके वाढले, की ते ओढावयास चार गडी लागतात आणि ज्याच्या नावाने तो मिरवतो, ते मूल बाजूला उभे राहून पाहते. ज्या मुलाचा बैल वीतभर, ते आपला बैल पाठीमागे लपविते. सणात चढाओढ आली की पहिला तोटा गरिबाच्या मुलाचा आणि दुसरा श्रीमंताच्या मुलाचा होतो, कारण त्याच्या हातून दोरीच काढून घेतली जाते.

वस्तुतः तान्ह्या पोळ्याची मूळ रचना पैसा नसलेल्या मुलाला सोयीची आहे. मुख्य गोष्ट बोजाऱ्याची. तोरण तुटल्यावर मूल आपला बैल घेऊन घरोघर जाते, गृहिणी बैलाच्या कपाळी कुंकू लावते, त्याला ओवाळते आणि मुलाच्या हातावर नाणे किंवा खाऊ ठेवते. हा बोजारा होय. म्हणजे या सणात मुलाला आनंद देण्याचा भार एकट्या आईबापांवर नाही, तो सगळ्या आळीवर वाटलेला आहे. दहा घरांतून मिळालेली दहा लहान नाणी मुलाला बापाने दिलेल्या एका मोठ्या नोटेहून अधिक वाटतात. ती त्याने चालून, स्वतः मिळविलेली असतात. गोव्यात नाताळाच्या सुमारास ख्रिस्ती कुटुंबे नेवऱ्या, दोदोल वगैरे फराळाची ताटे शेजारीपाजारी पाठवितात, त्यातही हाच व्यवहार आहे. एका घरी पदार्थ थोडे असले, तरी मुलांच्या तोंडी अनेक घरांची चव येते.

तेव्हा ज्यांचा खिसा बरा आहे, त्यांनी आपल्या मुलाच्या बैलावर खर्च वाढविण्यापेक्षा बोजाऱ्यासाठी सुटी नाणी आधीच आणून ठेवावीत आणि दारी येणाऱ्या प्रत्येक मुलाला सारखाच बोजारा द्यावा. ओळखीच्या वकिलाच्या मुलाला नोट आणि मोलकरणीच्या मुलाला गोळी, हा भेद मुले ताबडतोब ओळखतात. मोठ्यांना वाटते त्यांच्या ध्यानात येत नाही, परंतु चौकात जाऊन ती पहिल्याने हिशेबच जुळवितात!

आता बैलाविषयी. सागवान हे या जिल्ह्यांचे वैभव खरे. आलापल्लीचे सागवान प्रसिद्धच आहे, आणि २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराकरिता सागाचे लाकूड बल्लारशाहहून समारंभाने रवाना झाले. परंतु जे लाकूड मंदिराच्या दारांना योग्य, ते लहान मुलाच्या खेळण्याला आवश्यकच असते असे नाही. सुताराकडे चौकटी-पलंगांच्या कामातून उरलेले तुकडे पडलेले असतात. पोळ्याच्या आठवड्यात सुताराला मान वर करावयास फुरसत नसते, म्हणून महिनाभर आधी गेल्यास तो अशा तुकड्यातून हातभर बैल पुष्कळ स्वस्तात घडवून देतो. शेजारच्या तेलंगणातील निर्मळ येथील रंगीत खेळणी तर हलक्या, मऊ लाकडाचीच असतात आणि तरी ती नामांकित आहेत. चाके मात्र घट्ट असावीत. मिरवणुकीच्या मध्यावर चाक निखळले, की रडण्याला पार राहत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे नवा बैल न घेणे. ज्या घरची मुले मोठी झाली, त्यांच्या माळ्यावर एखादा बैल हमखास पडून असतो. तो मागून आणण्यात कमीपणा मानू नये. घरात आधीचा असेल, तर आठ दिवस अगोदर तो मुलाच्याच स्वाधीन करावा. काचकागदाने जुना रंग घासावा, अंगाला चुना किंवा पांढरा रंग द्यावा, शिंगांना गेरू लावावा. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ झुलीला उत्तम. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आणि घुंगरू नसल्यास जुन्या मण्यांची माळ. कपाळावरील गोंडा लोकरीच्या तुकड्यांचा होतो. झूल वाकडी बसेल, रंग ओघळेल, पण वडिलांनी रात्री उठून ते नीट करू नये. सकाळी मुलाला आपला बैल ओळखू आला पाहिजे.

अगदीच काही नसेल, तेथे माती आहे. खेड्यांतील कितीतरी मुले ओल्या मातीचाच बैल करतात, काडीची शिंगे लावतात आणि तो पाटावर ठेवून मिरवितात. त्याचीही पूजा होते. शहरातील आईला हे हलके वाटू नये. भाऊबहीण दोघे आणि बैल एकच असेल, तर एकाने दोरी धरावी, दुसऱ्याने बोजाऱ्याची पिशवी सांभाळावी आणि अर्ध्या वाटेवर अदलाबदल करावी. हा करार आदल्या रात्रीच ठरविलेला बरा. मुली या सणात आता सर्रास बैल घेऊन निघतात आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट आणखी. ज्यांच्या दारी पूर्वी खऱ्या बैलांची जोडी होती, अशा पुष्कळ घरी आता नांगरणी ट्रॅक्टरने होते. तेथील मुलाला खांदा कशाला शेकतात, वेसण म्हणजे काय, हे ठाऊक नसते. आजोबांनी ते त्या आठ दिवसांत, बैल रंगवीत असतानाच सांगावे. त्याला काही खर्च येत नाही, आणि मुले हातात काम असताना जितके ऐकतात तितके एरवी ऐकत नाहीत.

मिळालेल्या बोजाऱ्याचे काय करावयाचे, ते मुलाने ठरवावे. बहुतेक तो फुगे आणि गोड गोळ्यांतच जाईल. ते पैसे वह्यांसाठी काढून घेण्याचा मोह आईबापांनी आवरावा, वह्या अन्यत्रहून येतील. सण झाल्यावर बैलाची झूल उतरवून निराळी ठेवावी, पोटाखालच्या उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्यावा आणि तो जुन्या धोतरात गुंडाळून कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवावा. या भागातील पावसाळी ओल आणि वाळवी यांच्यापासून तो असा वाचला, तर पुढील वर्षी धाकट्याच्या कामी येतो.