नगरसेवकांविना खराडी

अमेरिकेत संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही की अनेक सरकारी कचेऱ्या बंद पडतात. 2018-19 मध्ये हा खोळंबा 35 दिवस चालला. पुण्यात नेमके उलटे घडले. 14 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली. कचेऱ्या चालू राहिल्या, पैसा खर्च होत राहिला, बंद पडले ते लोकांचे सभागृह. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि मतदानाला 15 जानेवारी 2026 उजाडले. राज्यघटनेच्या कलम 243-यू नुसार मुदत संपण्याआधीच निवडणूक व्हायला हवी होती.

एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती ते तपासते, मुख्य सभा मंजूर करते. मुदत संपल्यानंतरच्या प्रशासकराजमध्ये या तिन्ही भूमिका एकाच अधिकाऱ्याकडे आल्या. तो अधिकारी राज्य सरकारचा. म्हणजे पुण्याच्या खराडी उपनगरातल्या पाण्याचा, रस्त्याचा निर्णय घेणारा माणूस खराडीच्या मतदाराला उत्तरदायी नव्हता. नगरसेवक नसल्याने टक्केवारी थांबते, कामे झपाट्याने होतात, असे अनेक जण म्हणतात. टक्केवारीबद्दलचा राग रास्तच आहे. पण भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येते, प्रशासकाला नाही. आणि झपाट्याने झालेले काम चुकीचे असेल, तर सभागृहात जाब विचारायला कुणीच उरत नाही. आयटी पार्कशेजारी झपाट्याने वाढलेल्या या उपनगरात तर हा प्रश्न अधिकच बोचत होता, कारण इथल्या असंख्य नव्या रहिवाशांची प्रशासकराजापलीकडे महापालिकेशी दुसरी ओळखच नव्हती.