अपिलाची गाळलेली पायरी

मृत्युपत्राचा वाद न्यायालयात गेला, की वारसांची वाटणी वर्षानुवर्षे अडते. म्हणून अपिलांची संख्या कमी करावी, हा विचार सहज पटतो. परंतु त्याचे मोल कोण भरतो, तेही पाहिले पाहिजे.

१९५६ साली मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूर सोडून जबलपुरास आले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमान्वये जिल्हा न्यायाधीशाच्या प्रोबेटविषयक आदेशावर तेथे अपील चालते. एका न्यायाधीशाच्या निर्णयावर दोघांपुढे पुन्हा अपील करण्याची वाट पूर्वी नागपूरच्या सनदेने दिली होती. १९८१ साली राज्याने ती बंद केली. १ जुलै २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००-अ ने देशभर तसेच केले. आता पुढे उरते ते दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय, आणि तेही विशेष परवानगीने.

वेळ वाचला, हे खरे. मात्र दाव्याच्या आरंभीच अपिलाचा हक्क जन्मतो, स्पष्ट तरतुदीवाचून अथवा अपरिहार्य अर्थावाचून तो हिरावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सांगितले. तेव्हा नियम बदलताना चालू दाव्यांचे काय, हे कायद्यानेच स्वच्छ शब्दांत लिहावे. नाहीतर मूळ वाद बाजूला राहतो आणि अपील चालते की नाही, यावरच वारसांचा पैसा खर्ची पडतो.