खरे बार्बेक्यू कोणते?

निखाऱ्यांवर जाळी ठेवून मांसाचे किंवा भाज्यांचे तुकडे दहा मिनिटे भाजले, की आपण त्याला ‘बार्बेक्यू’ म्हणून मोकळे होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र हे चालत नाही. ते झाले नुसते भाजणे! तिथे बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या मंद आचेवर आणि धुरात तासन्‌तास शिजलेले मांस. इथवर बहुतेकांचे एकमत असते. वाद यापुढे सुरू होतो.

उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर शिजवतात आणि त्यावर व्हिनेगर व मिरचीचा पातळ सॉस घालतात. त्याच राज्याच्या पश्चिमेकडे फक्त खांद्याचे मांस घेतात आणि सॉसमध्ये थोडे केचप मिसळतात. दक्षिण कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस प्रसिद्ध आहे. मेम्फिसला डुकराच्या बरगड्यांना कोरडा मसाला चोळतात, तर कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि काकवीचा दाट, गोड सॉस लागतो. पश्चिम केंटकीत मेंढीचे मांस, तर मध्य टेक्ससमध्ये गुराच्या छातीचे मांस केवळ मीठमिरी लावून शिजवतात. यांतले खरे कोणते?

व्याख्या करताना काय बदलते ते बाजूला ठेवावे आणि काय कायम राहते ते शोधावे. इथे जनावर बदलते, सॉसही बदलतो. कायम राहतात त्या तीन गोष्टी : लाकूड, मंद आच आणि वेळ.

इतका वेळ कशासाठी? छाती आणि खांदा यांचे स्नायू जनावराचे वजन सतत पेलत असतात. त्यामुळे त्यांत कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे प्रमाण बरेच असते. मांस सुमारे ७० अंश सेल्सियसच्या वर बराच काळ राहिले, की कोलॅजेनचे हळूहळू मऊ जिलेटिन होते. आच मोठी केली तर बाहेर कोळसा होतो आणि आत मांस चिवटच राहते. म्हणून भट्टी साधारण १०५ ते १३५ अंशांवर ठेवतात आणि मोठ्या तुकड्याला दहा-बारा तास देतात.

या काळात एक चमत्कारिक गोष्ट घडते. मांसाचे आतले तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडते आणि काही तास जवळजवळ हलत नाही. भट्टी तर तापलेलीच असते. मग उष्णता जाते कुठे? कोलॅजेन बदलण्यात किंवा चरबी वितळण्यात ती खर्च होत असेल, असे कोणी म्हणेल. पण तोच तुकडा धातूच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळला तर तापमान न अडता चढते. कोलॅजेन आणि चरबी तर दोन्ही वेळा तितकीच असते! फरक पडला तो बाष्पीभवनात. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. उघड्या मांसाला मिळणारी उष्णता पृष्ठभागावरील ओलावा उडवण्यातच संपते. माठातले पाणी थंड राहते तेही याच कारणाने.

हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन तापमापी उन्हात शेजारी ठेवा आणि एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. दर दोन मिनिटांनी नोंदी घेऊन आलेख काढा. फडके वाळेपर्यंत ओला तापमापी मागे राहील.

आता लाकडाकडे वळू. लाकडातील लिग्निन तापून फुटले की ग्वायाकॉल, सिरिंगॉल यांसारखी संयुगे तयार होतात. धुराचा तो ओळखीचा वास मुख्यतः त्यांचा. धुरातील नायट्रिक ऑक्साइड मांसातील मायोग्लोबिनशी जोडले जाते आणि कडेला गुलाबी वलय उमटते. हे वलय म्हणजे अस्सलपणाचा शिक्का, असे पुष्कळांना वाटते. परंतु नायट्राइटयुक्त मीठ चोळले तर धुराशिवायही ते उमटते. लक्षण म्हणजे व्याख्या नव्हे.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत व्याख्या आहे. विक्रीच्या मांसाला बार्बेक्यू म्हणायचे तर ते कठीण लाकडाच्या किंवा त्याच्या निखाऱ्यांच्या कोरड्या उष्णतेवर शिजलेले हवे, त्यावर तपकिरी कवच हवे आणि त्याचे वजन कच्च्या मांसाच्या ७० टक्क्यांहून जास्त नसावे. सॉसची अट नाही. यातली वजनाची अट मोजता येते. पण गॅसच्या भट्टीत खूप वेळ ठेवलेले मांसही ती पुरी करील. म्हणजे ती आवश्यक आहे, पुरेशी नाही. हा भेद विद्यार्थ्यांना सांगण्यास याहून रुचकर उदाहरण क्वचितच मिळेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याच तराजूत येत नाही. लाकडाची आच सांभाळायला माणसाला रात्रभर जागावे लागते. १८६५ मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत दक्षिणेत हे जागरण बहुतांशी गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला होते. पुढे कॅन्सस सिटीत या धंद्याचा पाया घालणारे हेन्री पेरी हेही कृष्णवर्णीयच. आज गॅसची भट्टी ते जागरण वाचवते आणि त्यात वाईट काही नाही. फक्त ‘खरे कोणते’ हे ठरवताना सॉसच्या बाटलीकडे न पाहता आधी आगीकडे पाहावे, आणि मग ती राखत बसलेल्या माणसाकडे.